दोन नद्या, दोन टेकड्या

नद्यांमध्ये स्त्री-पुरुष असा भेद असतो हे आपल्याला नवे नाही. गंगा, गोदा, कृष्णा या बायका; पण शोण आणि ब्रह्मपुत्र हे नद, म्हणजे पुरुष. फ्रेंच लोकांचीही तीच रीत आहे. त्यांच्या भाषेत रोन हा पुरुष आणि सोन ही स्त्री. रोन स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीत जन्मतो, जिनिव्हाच्या सरोवरातून बाहेर पडतो आणि थंडगार पाण्याचा लोंढा घेऊन धावत सुटतो. सोन मात्र संथ. ही नदी कोणत्या दिशेला वाहते ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, असे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यूलिअस सीझरने आपल्या युद्धवृत्तान्तात नमूद करून ठेवले आहे. या दोघांची जेथे गाठ पडते तेथे लियों हे शहर वसले आहे. आपल्याकडच्या कथेत शोण आणि नर्मदा यांचे लग्न मोडले आणि दोघांनी दोन दिशांना तोंडे फिरवली; येथे लग्न झाले आणि नवऱ्याचे नाव लागून दोघे समुद्राकडे गेले, एवढाच फरक.

लियोंचा उच्चार इंग्रजी वळणाने 'लायन्स' असा करणारी पिढी आता फारशी राहिलेली नाही. पॅरिस आणि मार्सेय यांच्या खालोखाल मोठे असे हे शहर. पण आपल्या लोकांच्या प्रवासात ते सहसा येत नाही. मराठी माणसाला फ्रान्स म्हटले की पॅरिसचा मनोरा आठवतो, नाहीतर मार्सेयचा धक्का आणि ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी. आमची नदीतली आगबोट मार्सेयपर्यंत जाणार नव्हती. सोनवरून खाली येऊन ती रात्री लियोंला रोनच्या डाव्या तीरावर लागली होती आणि दुसऱ्या दिवशी रात्री आर्लच्या दिशेने सुटायची होती. मधला दिवस आमचा होता. बाकीची मंडळी न्याहारी करून मोटारीने 'शहरदर्शना'ला निघून गेली. मी आणि सौ. पायीच निघालो. घाईने पाहिलेले शहर आणि घाईने जेवलेले श्राद्ध यांत मला फारसा फरक वाटत नाही.

आगबोट हा शब्द वर सहज आला, पण तो येथे शोभतो. वाफेच्या जोरावर चालणारी नाव जगात प्रथम ज्या थोड्या ठिकाणी चालली, त्यांत लियोंची सोन नदी आहे. १५ जुलै १७८३ रोजी जुफ्र्वा द'आबाँ नावाच्या सरदाराने 'पिरोस्काफ' ही आपली नाव सोनच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे पंधरा मिनिटे चालवून दाखवली. काठावर हजारो लोक होते. पण पॅरिसच्या पंडितांनी परवानगी देण्यात चालढकल केली, पुढे राज्यक्रान्ती झाली, आणि कीर्ती अमेरिकेच्या फुल्टनला मिळाली. ज्या नदीने त्या दिवशी पंधरा मिनिटे वाट दिली, त्याच नदीवरून आम्ही तीन जेवणे आणि एक चहा घेत आरामात उतरलो होतो.

या शहराला दोन टेकड्या आहेत. सोनच्या पश्चिमेला फुर्व्हिएर आणि दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर क्रोआ-रूस. एक प्रार्थना करणारी टेकडी आणि एक काम करणारी टेकडी, असे येथले लोक म्हणतात. आम्ही प्रार्थनेपासून सुरुवात केली. चढ बराच आहे, पण वर जायला दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. लियोंकर तिला 'फिसेल', म्हणजे नुसती 'दोरी', म्हणतात. "चला, दोरीने वर जाऊ" हे वाक्य कुठल्याही संताच्या तोंडी शोभले असते.

दोरीने वर जाऊन उतरले की माणूस एकदम रोमन काळात येतो. इ.स.पू. ४३ मध्ये, म्हणजे सीझरच्या खुनानंतरच्या वर्षी, म्युनेशिअस प्लांकस या रोमन सुभेदाराने या टेकडीवर वसाहत स्थापली आणि तिला लुग्दुनुम हे नाव पडले. पुढे ती साऱ्या गॉल देशाची राजधानी झाली. सुमारे दहा हजार माणसे बसतील असे दगडी नाट्यगृह उतारावर अर्धवर्तुळात पसरले आहे. शतकानुशतके ते मातीखाली होते. १९३३ साली येथे पद्धतशीर खोदकाम सुरू झाले. आता उन्हाळ्यात तेथे पुन्हा नाटके आणि गाणी होतात. शेजारच्या टेकडीच्या पोटात १९७५ साली उघडलेले संग्रहालय आहे. बाहेरून ते जवळजवळ दिसतच नाही; आत शिरल्यावर गोगलगाईच्या शंखासारखे आपण खाली खाली उतरत जातो.

या संग्रहालयात एक काशाचा पत्रा आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. क्लॉडियस हा रोमन सम्राट इ.स.पू. १० मध्ये याच गावी जन्मला. लंगडा, अडखळत बोलणारा, घरच्यांनी वेडगळ ठरवलेला. नशिबाने गादीवर बसला. इ.स. ४८ मध्ये त्याने रोमच्या सिनेटसमोर भाषण केले की गॉलमधल्या प्रतिष्ठितांनाही सिनेटमध्ये बसू द्या. सिनेटर नाके मुरडीत होते. कालपर्यंत ज्यांना जिंकले ते आज आपल्या मांडीला मांडी लावून बसणार! क्लॉडियसने त्यांना रोमचाच इतिहास ऐकवला: अरे, आपले जुने राजे तरी कुठे सगळे रोमचे होते? बाहेरचेच होते की! गॉल लोकांनी कृतज्ञतेने ते भाषण काशावर कोरून आपल्या राजधानीत लावले. साम्राज्य बुडाले, पत्रा मातीत गेला, आणि १५२८ साली क्रोआ-रूसच्या उतारावर एका कापडवाल्याला आपल्या द्राक्षमळ्यात तो सापडला.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात खरी मौज पुढे आहे. हेच भाषण टॅसिटस या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात दिले आहे. पत्रा सापडल्यावर दोन्ही ताडून पाहता आले. टॅसिटसचे भाषण घडीव, मुद्देसूद, डौलदार. काशावरचे भाषण पाल्हाळिक, आडवळणांनी भरलेले. मध्येच वक्ता स्वतःलाच हटकतो. आशय साधारण तोच, पण इतिहासकाराने इस्त्री केलेली! आपल्या बखरींतली थोरामोठ्यांची भाषणे वाचताना हा पत्रा आठवावा. मला विचाराल तर खऱ्या भाषणातला अडखळणारा म्हातारा क्लॉडियसच मला अधिक आवडला.

टेकडीच्या माथ्यावर मेरीमातेचे मोठे पांढरे देऊळ आहे. ते १८७० च्या युद्धात प्रशियन सैन्य लियोंवर येऊ नये म्हणून केलेल्या नवसातून उभे राहिले. बांधकाम १८७२ ला सुरू झाले. चार कोपऱ्यांवर चार बुरूज. म्हणून गावकरी त्याला 'उलटा पडलेला हत्ती' म्हणतात. आपण देवळाला असे म्हणायला धजणार नाही, पण एकदा ऐकल्यावर दुसरे काही दिसत नाही हेही खरे. माझ्या दृष्टीने देवळापेक्षा त्याच्या शेजारचे जुने लहान प्रार्थनामंदिर महत्त्वाचे. त्याच्या मनोऱ्यावर मेरीची सोनेरी मूर्ती आहे, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगावी अशी गोष्ट त्या मूर्तीची आहे.

१६४३ साली प्लेगची साथ आली तेव्हा नगरशेट्यांनी नवस बोलला होता की गाव वाचले तर दरवर्षी ८ सप्टेंबरला मेणबत्त्या आणि सोन्याचे नाणे घेऊन आम्ही टेकडी चढू. ही नवी मूर्ती बसवायचा मुहूर्तही १८५२ च्या ८ सप्टेंबरचाच होता. पण सोनला पूर आला, मूर्तिकाराच्या कारखान्यात पाणी शिरले आणि काम अडले. मुहूर्त ८ डिसेंबरवर गेला. दारूकाम, आतषबाजी, सगळा बेत ठरला. ज्या रंगीत प्रकाशाच्या नळ्या पेटवायच्या होत्या त्यांना फ्रेंच भाषेत 'बंगालचा अग्नी' म्हणतात, हे जाता जाता सांगतो. आणि नेमके त्या दिवशी वादळ आले. आता समारंभ रद्दच करावा लागणार अशी वेळ आली. संध्याकाळी आभाळ एकाएकी निवळले. तेव्हा कोणीही न सांगता लोकांनी आपापल्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर मेणबत्त्या लावल्या. पाहता पाहता नदीकाठापासून टेकडीपर्यंत सारे गाव उजळले. तेव्हापासून आजतागायत ८ डिसेंबरला लियोंच्या खिडक्यांत दिवे लागतात. पन्हळीच्या काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्ती ठेवतात. त्यांचे एक दुकानही आम्हाला दिसले. अलीकडे नगरपालिकेने त्याचा चार दिवसांचा भव्य प्रकाशोत्सव केला आहे, विजेच्या रंगांनी इमारती न्हाऊ घालतात, लाखो प्रवासी येतात. सौ.ने त्या पेल्यांची अर्धा डझनाची पेटी घेतली. "लक्ष्मीपूजनाला उपयोगी पडतील," ती म्हणाली. मेरीमातेची हरकत असेल असे मला वाटत नाही.

टेकडीवरून पायऱ्यांनी उतरले की जुने लियों लागते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथे वर्षाला चार जत्रा भरत. इटलीचे सावकार पेढ्या घालून बसले, त्यांच्या मागोमाग जर्मन छापखानदार आले. लियोंत पहिले पुस्तक १४७३ साली छापले गेले. राबले हा फ्रेंचांचा थोर विनोदी लेखक १५३२ साली येथल्या धर्मार्थ रुग्णालयात वैद्य होता आणि त्याच वर्षी त्याने आपली पहिली कादंबरी येथेच छापली. ते रुग्णालय २०१० साली बंद झाले; त्याच्या एका भागात आता उंची हॉटेल आहे. राबलेला यावर आणखी एक प्रकरण लिहिता आले असते.

या जुन्या भागातली गंमत म्हणजे 'त्राबूल'. एका रस्त्यावरच्या घराच्या दारातून आत शिरायचे, अंधाऱ्या बोळातून दुसऱ्याच्या चौकात यायचे, गोल जिन्याखालून पुढे जायचे आणि मागच्या रस्त्यावर बाहेर पडायचे. पुण्याच्या पेठांतले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही विद्या शिकवायला नको. काही बोळ प्रवाशांसाठी उघडे आहेत. मात्र आत माणसे राहतात म्हणून हळू बोलावे, एवढी विनंती पाटीवर असते. आम्ही एकात शिरलो तेव्हा वरच्या सज्जातून कोणी म्हातारी कपडे वाळत घालीत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि न विचारताच हाताने पुढचे दार दाखवले. दिवसातून पन्नासदा हे काम ती करीत असणार.

दुपारचे जेवण एका 'बूशों'मध्ये घेतले. बूशों म्हणजे येथली खानावळ, आणि खाण्यासाठी लियोंची ख्याती फ्रान्समध्ये पहिली. मात्र शाकाहारी माणसाची तेथे पंचाईत होते. वाढणाऱ्या बाईने विचार करून आमच्यापुढे एक वाडगा आणून ठेवला. ताज्या चक्क्यात लसणीच्या पातीसारखी हिरवी पात, थोडा कांदा, मीठमिरी, तेल. आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीचे सख्खे भावंड. चव झकास. पण नाव? 'कान्यूचा मेंदू'! कान्यू म्हणजे लियोंचा रेशीम विणणारा कारागीर. विणकराच्या डोक्यात मेंदूच्या जागी दही भरलेले असते, असा या नावाचा अर्थ लावतात. ज्यांच्या हातांवर हे शहर श्रीमंत झाले त्यांची आठवण शहराने अशी जेवणाच्या यादीत ठेवली आहे. सौ.चा घास हातातच राहिला. तिचे माहेर येवल्याचे आहे.

तेव्हा दुपार सारी दुसऱ्या टेकडीवर गेली.

रेशीम लियोंला आपोआप आले नाही. इटलीचे रेशीम घेण्यात फ्रान्सचे सोने बाहेर जाते म्हणून अकराव्या लुईने १४६६ साली येथे माग घालण्याचा हुकूम काढला. व्यापाऱ्यांनी दाद दिली नाही. त्यांना इटलीचा माल विकण्यातच फायदा होता. १५३६ साली पहिल्या फ्रान्सिसने एत्येन तुर्के या पीडमाँटच्या माणसाला सवलती दिल्या, आणि मग धंदा रुजला. राजांचे दरबार, बिशपांची वस्त्रे, युरोपभरच्या राण्यांचे झगे लियोंत विणले जाऊ लागले.

नक्षीचे कापड विणायला तेव्हा मागावर दोन माणसे लागत. एक विणकर आणि दुसरे दोऱ्या ओढणारे, बहुधा एखादे पोर किंवा बाई. नक्षीप्रमाणे ताण्याचे नेमके धागे उचलायला हे पोर दिवसभर दोऱ्यांचे जुडगे ओढी. त्याच्या पाठीचे काय होत असेल याची कल्पना करावी. १७५२ साली एका विणकर कारागिराच्या घरी जोझेफ मारी जाकारचा जन्म झाला. त्याच्या आधी बूशों, फाल्कों, वोकांसों अशा तिघांनी भोकांच्या कागदाने धागे उचलण्याच्या युक्त्या करून पाहिल्या होत्या. जाकारने त्या एकत्र आणून १८०४ च्या सुमारास चालते यंत्र उभे केले. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पट्टीला भोके; जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते आणि धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथे धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे बाण्याची एक फेक. पट्ट्यांची माळ फिरत राहिली की मोर, वेली, फुले आपोआप उमटतात. आता दोऱ्या ओढणारे पोर नको. विणकर पायाने पावडी दाबून एकटाच सारे करतो. नेपोलियनच्या सरकारने त्याला वार्षिक ३,००० फ्रँकांचे वेतन दिले आणि यंत्र सर्वांना खुले केले.

आज येवल्याला किंवा इचलकरंजीला विणकरांच्या तोंडी 'जेकार्ड' हा शब्द असतो तो या माणसाचे नाव आहे. सौ.ला हा शब्द लहानपणापासून ठाऊक. पण त्यामागे एक माणूस आहे आणि त्याचा पुतळा क्रोआ-रूसच्या चौकात उभा आहे हे पाहून ती हरखली. तिने पुतळ्याला चक्क नमस्कार केला. जाकारच्या मृत्यूनंतर, १८३९ साली, त्याची तसबीर याच यंत्रावर रेशमात विणली गेली; तिला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. पाहणाऱ्याला ते कोरीव चित्र वाटे. तिची एक प्रत इंग्लंडात चार्ल्स बॅबेज या गणित्याच्या दिवाणखान्यात होती. आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायला अशाच भोकाच्या पट्ट्या वापराव्यात हे त्याने ठरवले होते. आजच्या संगणकाची वंशावळ लिहायची तर तिच्यात लियोंचा हा विणकर वरच्या फांदीवर येतो.

हे यंत्र उंच. जुन्या लियोंच्या ठेंगण्या घरांत ते मावेना. म्हणून क्रोआ-रूसवर, जेथे पूर्वी मठांच्या जमिनी होत्या, तेथे नवी घरे उठली: चार मीटर उंचीच्या छताची, मोठमोठ्या खिडक्यांची. खाली माग, वर पोटमाळ्यावर निजायला जागा. साऱ्या टेकडीवर मागांचा आवाज घुमे. त्या आवाजावरून लियोंकरांनी मागाला 'बिस्तांक्लाक' असे नाव ठेवले. एका विणकामाच्या घरी आम्ही जुना हातमाग चालताना पाहिला. बाई तिशीची असेल. धोटा इकडून तिकडे गेला, फणी आपटली, आणि सौ. माझ्या कानात म्हणाली, "अहो, डोळे मिटा. येवला!" मग ती पुढे झाली आणि खुणांनी, मोडक्या इंग्रजीने दोघींचे बोलणे सुरू झाले. दिवसाला किती होते? बाईने बोटे धरून दाखवली: मखमल असेल तर तीन-चार बोटे. सौ.ने पैठणीचा भरगच्च पदर किती महिने चालतो ते सांगितले. पुढचा प्रश्न दोघींनी एकदमच विचारला: आणि मिळते किती?

हाच प्रश्न १८३१ साली या टेकडीने विचारला होता. व्यवस्था अशी होती. वर काहीशे व्यापारी: रेशीम त्यांचे, नक्षी त्यांची, बाजार त्यांचा. मध्ये सुमारे ८,००० मागवाले कारागीर: माग त्यांचा, घर त्यांचे, कापडाच्या लांबीवर मजुरी. त्यांच्या हाताखाली सुमारे ३०,००० विणकर, ज्यांना त्या मजुरीतला साधारण अर्धा वाटा मिळे. बाजार मंदावला की व्यापारी मजुरी उतरवी. कारागिरांनी किमान दरपत्रक मागितले. येथला प्रीफेक्ट बूव्हिए-द्युमोलार हा सरकारी अंमलदार, पण त्याला माणुसकी होती. त्याने दोन्ही बाजूंना बसवले आणि २५ ऑक्टोबर १८३१ रोजी दरपत्रक ठरले. टेकडीवर आनंदीआनंद झाला. पण १०४ व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला, आणि पॅरिसच्या सरकारने अंमलदारालाच झाडले: मजुरीचा दर ठरवणे हे सरकारचे काम नव्हे, तो बाजाराने ठरवायचा.

२१ नोव्हेंबरला विणकर टेकडी उतरू लागले. पुढे काळे निशाण. त्यावर शब्द होते: काम करून जगू, नाहीतर लढून मरू. ग्रांद-कोत या उतरंडीच्या रस्त्यावर, जो आजही तसाच अरुंद आणि उभा आहे, पांढरपेशांच्या पथकाने गोळ्या झाडल्या. दोन दिवस लढाई झाली. दोन्हीकडचे मिळून दीडशेवर माणसे मेली. २३ तारखेला सैन्य गाव सोडून गेले आणि फ्रान्सचे दुसऱ्या क्रमांकाचे श्रीमंत शहर विणकरांच्या हाती आले.

पुढे त्यांनी काय केले? नगरभवनात बसून काय करावे ते त्यांना कळेना. त्यांना राज्य नको होते, दरपत्रक हवे होते. त्यांनी चौकाचौकांत पहारे बसवले. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांच्या गोदामांतली रेशमाची गासडी कोणी हलवली नाही. कसल्याही बंडात असा मामला विरळा. ३ डिसेंबरला मार्शल सूल्त आणि युवराज वीस हजार फौज घेऊन आले. प्रतिकार झालाच नाही. दरपत्रक रद्द, प्रीफेक्ट परत बोलावला. पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात एका प्राध्यापकाने लिहिले की समाजाला ज्यांचे भय आहे ते रानटी लोक आता दूरच्या गवताळ प्रदेशांत नाहीत, ते आपल्या कारखान्यांच्या गावकुसाबाहेर राहतात. रेशमाला हात न लावणाऱ्यांविषयी हे लिहिले गेले, हे ध्यानात घ्यावे. १८३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला. या वेळी सरकार तयारीत होते. आठवडाभर तोफा चालल्या आणि शेकडो माणसे गेली. त्याच वर्षी ऑगस्टात जवळच्या उलँ गावी जाकार ब्याऐंशीव्या वर्षी शांतपणे वारला.

या टेकडीच्या उतारावर आणखी एक जागा आहे: रोमन काळचे रणांगण. इ.स. १७७ मध्ये येथे ख्रिस्ती लोकांना श्वापदांपुढे टाकले. त्यांचा नव्वदीचा बिशप पोथिनस तुरुंगातच मेला. पण साऱ्यांत चिवट निघाली ती ब्लान्दिन नावाची एक गुलाम पोरगी. वाचलेल्यांनी आशियातल्या आपल्या बांधवांना जे पत्र पाठवले ते युसिबिअसने जपून ठेवले, म्हणून तिचे नाव आपल्याला कळते. तेव्हा सम्राट होता मार्कस ऑरेलिअस, ज्याचे आत्मचिंतन आपण तत्त्वज्ञान म्हणून वाचतो. येथे आता गवत आहे, मधोमध एक खांब आहे.

संध्याकाळी भुयारी रेल्वेने मोंप्लेझीर भागात गेलो. येथे ल्युमिएर बापलेकांचा छायाचित्रांच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. १९ मार्च १८९५ रोजी कारखान्याच्या फाटकासमोर यंत्र लावून लुई ल्युमिएरने सुटीची घंटा झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. पाऊण मिनिटाचे चित्र. बहुतेक बायकाच, घाईने दोन्हीकडे पांगणाऱ्या, मध्येच एक कुत्रा. ज्या छपराखालून त्या बाहेर पडल्या ते छप्पर अजून शाबूत आहे, आणि रस्त्याचे नाव 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात सहा चित्रे दाखवली गेली. त्यांत कारखान्यातून सुटणाऱ्या या बायका होत्या. तो चमत्कार पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून यंत्र मागवले. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्यांचे स्वागतही. लियोंच्या गिरणीतल्या बायका आणि आपले रँग्लर असे एका यंत्राच्या गोतातले निघतात.

बोटीकडे परतताना बेलकूरचा विस्तीर्ण चौक लागतो. मध्ये चौदाव्या लुईचा घोडा. १७९३ साली लियोंने क्रान्तिसरकारविरुद्ध बंड केले, तेव्हा शहर जिंकून त्याचे नावच पुसण्याचा ठराव पॅरिसने केला आणि या चौकातल्या हवेल्या पाडल्या. नाव मात्र पुसले गेले नाही. चौकाच्या एका कोपऱ्यात दगडी पहारेकरी उभा आहे. २७ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी तुरुंगातल्या पाच देशभक्तांना आणून येथे भर दुपारी गोळ्या घातल्या. त्या वर्षांत लियों हे फ्रेंच भूमिगत लढ्याचे मुख्य ठाणे होते. विणकरांचे बोळ निरोप्यांना पळवाटा म्हणून उपयोगी पडले. जाँ मुलँ हा त्यांचा नेता २१ जून १९४३ रोजी लगतच्या कालुइरमध्ये पकडला गेला आणि येथला गेस्टापोचा अधिकारी क्लाउस बार्बी याने त्याचा अनन्वित छळ केला. बार्बीला १९८७ साली याच शहरात जन्मठेप झाली.

पण मी त्या पहारेकऱ्यापाशी थांबलो तो दुसऱ्या एकासाठी. मार्क ब्लॉक हा मध्ययुगीन शेतीचा आणि समाजाचा इतिहास लिहिणारा प्राध्यापक. जन्म लियोंचाच, १८८६ चा. राजांच्या याद्यांपेक्षा नांगर, कुंपणे आणि शेतांचे आकार यांत इतिहास शोधायला ज्यांनी शिकवले त्यांत तो अग्रणी. १९४० साली त्रेपन्नाव्या वर्षी, सहा मुलांचा बाप असताना, तो सैन्यात कप्तान होता. पराभव झाला, ज्यू म्हणून त्याच्यावर बंधने आली, तेव्हा तो लियोंच्या भूमिगतांत सामील झाला. ८ मार्च १९४४ रोजी त्याला येथे पकडले. छळ झाला, माँल्युकच्या तुरुंगात ठेवले, आणि १६ जूनला, मित्रसेना नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागून दहा दिवस झाले असताना, शहराबाहेर एका शेतात इतर कैद्यांबरोबर गोळ्या घातल्या. राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या समाधिमंदिरात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, त्याला जागा देण्याचे २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले.

पुस्तके हाताशी नसताना, त्या धामधुमीत, तो एक लहानसा ग्रंथ लिहीत होता. एका मुलाने आपल्या इतिहासकार बापाला विचारलेल्या प्रश्नापासून तो सुरू होतो: इतिहासाचा उपयोग तरी काय? उत्तर पुरे होण्याआधी त्याला लेखणी ठेवावी लागली. त्याचे मित्र ल्युस्याँ फेव्र यांनी ते हस्तलिखित १९४९ साली छापले, अपुरे होते तसेच.